पन्नास एमबीत आई

"मामा म्हणतोय, हात वाचताच येत नाहीत," ताई त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली. "नुसता चिखल दिसतोय म्हणे."

त्याने मान हलवली. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तिसऱ्या दिवसापासून तो कामावर येत होता. शिकवण्यांचे लांबलचक व्हिडिओ आटवून लहान करायचे, हे त्याचं काम. आईला ऐकू येत नसे, मामालाही नाही. दोघं भावंडं जन्मभर हातांनी बोलली आणि हातांनीच कडाकडा भांडली. शेजाऱ्यांना वाटे, या घरात कधी आवाज म्हणून चढत नाही. शेवटच्या आठवड्यात आईने ताईच्या फोनवर मामासाठी अकरा मिनिटांचा निरोप ठेवला होता. मामा राहतो तिथे पन्नास एमबीच्या वर काही उतरत नव्हतं.

"बघू, काल काय गेलंय ते."

त्याने काल आटवून दिलेली फाइल लावली. भिंत स्वच्छ. कपाटाची कडीसुद्धा स्वच्छ. आईने हात उचलले की मात्र बोटांच्या जागी चौकोन.

"बिटरेट मी ठरावीक ठेवला होता. म्हणजे दर सेकंदाला सारखीच माहिती," तो म्हणाला. "ती गप्प असते तेव्हा वाया जाते. बोलायला लागली की पुरत नाही."

"मग बोलताना जास्त दे ना."

त्याने तसं केलं. चित्र सगळीकडे सारखंच चांगलं राहू दे, माहिती लागेल तेवढी लागू दे, असं मशीनला सांगितलं. फाइल झाली ब्याऐंशी एमबीची. कुठे किती माहिती लागली, त्याचा आलेख स्क्रीनवर उमटला. सपाट, सपाट, आणि नवव्या मिनिटाला डोंगर.

"मधे नुसती बसून आहे, तेवढं काप की."

"त्याला काही लागतच नाही, ताई. कापून काय वाचणार?"

ताईने डोळे पुसले. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे त्याला कळत होतं. पण हात माउसवरच राहिला. आईच्या मागे पंख्याच्या वाऱ्याने खिडकीचा पडदा हलत होता, अकराच्या अकरा मिनिटं. त्याची चुणी न् चुणी माहिती खात होती. त्याने चौकट आत घेतली. पडदा गेला, कपाट गेलं, औषधाच्या बाटल्या गेल्या. डोक्यापासून मांडीपर्यंत आई उरली. मग पुन्हा सगळं चालवून, थांबवून थांबवून तपासलं. नववं मिनिट तर बारा वेळा. एकोणपन्नास एमबी.

दुपारी तीनला फाइल गेली. त्याने शिकवणीचा पुढचा व्हिडिओ उघडला. ताई शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसून राहिली.

चारच्या सुमाराला तिचा फोन थरथरला. मामाने लिहून पाठवलं होतं. तिने वाचून दाखवलं, "सगळं दिसलं. तिचंच बरोबर होतं. मी उगाच इतकी वर्षं अडून बसलो."

ती त्याच्याकडे वळली. "कशाबद्दल म्हणतोय रे? मला तर तिने खोलीबाहेर घालवलं होतं तेव्हा, नंतर बघायचा धीर झाला नाही. काय म्हणाली आई?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? अरे, सकाळपासून दुसरं काय बघतोयस तू?"

"मी बोटांच्या कडा बघत होतो," तो म्हणाला. "फाटत नाहीत ना, एवढंच."

ताईने खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली, त्याचा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला आणि आईचा व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

"गप बस आता," ती म्हणाली. "आईचं ऐक."