चपटा दगड

वीट्स्के वाळूत बीळ करून राहणाऱ्या पाली घरीच वाढवायची आणि माणूस पारखूनच द्यायची. पाल न्यायला आलेल्या टूनिसला तिने रीतीप्रमाणे कॉफीबरोबर एकच बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. टूनिस सगळी उत्तरं धडाधड देत होता, आणि तिला नेमका त्याचाच संशय येत होता. असे घोकून आलेले तिघे पोपट तिने यंदा परत पाठवले होते.

“पेटीत काय भरणार?”

“वाळू, त्यात थोडी चिकणमाती. वीतभर थर, तळाशी ओलसर.”

“लपायला?”

“एका टोकाला पालथी कुंडी, दुसऱ्या टोकाला चपटा दगड.”

“दगड वाळूवर?”

“नाही. आधी दगड थेट काचेच्या तळावर टेकवायचा, मग भोवती वाळू.”

“छान घोकलंय. कुठे वाचलंत?”

टूनिसने कप खाली ठेवला. “वाचलं नाही. मागच्या वेळी मी दगड वाळूवरच ठेवला. पालीने खालून उकरलं आणि तो तिच्या अंगावर बसला.”

वीट्स्केने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“माझ्या अशाच दोन गेल्या,” ती म्हणाली.