फक्त आपल्या दोघींत

आठवीतली ती पोरगी म्हणजे शाळेच्या गळ्यातलं लोढणं. आज कुणाला चावली, उद्या कुणाच्या अंगावर डबा भिरकावला, आणि का म्हणून विचारलं की तोंडाला कुलूप. समुपदेशक बाईंनी तिच्यापुढे जीव ओतला. "बोल गं, फक्त आपल्या दोघींत राहील!" शेवटी एकदाची ती पुटपुटली, "बाई, मला अजून अंथरुणात शू होते."

बाई विरघळल्या. हळहळत त्यांनी ते वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं, आणि तिने पोरीच्या आईच्या. दुसऱ्याच दिवशी आई शिक्षकांच्या खोलीत येऊन कडाडली, "घोडीएवढ्या पोरीवर भलता आळ घेता? तिचं अंथरूण कोरडं ठणठणीत असतं!"

सगळ्यांसमोर बाईंचं तोंड एवढंसं झालं. तशाच तणतणत त्या वर्गात गेल्या आणि पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"कार्टे, मी एवढा जीव लावला, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

पोरगी कळवळली. तिने हिसडा देऊन दंड सोडवला आणि जुने वळ झाकत बाही खाली ओढून घेतली.



"खरं सांगायच्या आधी, बाई, तुमच्या तोंडात तीळ भिजतो का ते बघत होते."