पुलाखालचा ढीग

"आत्याबाई, इकडं या. ढीगच लागलाय," पुलाखालून सुनेनं हाक मारली.

कोरड्या कालव्यात कोळसा उकरणारी भिवराबाई थिजली. इथून कोळशाच्या होड्या जायच्या तेव्हा तिचा नवरा त्याच पुलाखाली बुडाला होता. गाळानं प्रेतही परत दिलं नाही. पुढं कालवा बंद पडेपर्यंत तिथून जाणारा प्रत्येक नावाडी त्याच्या नावानं कोळशाचं एक ढेकूळ पाण्यात सोडायचा.

सून भराभर टोपलं भरत होती. "राहू दे ते," भिवराबाईच्या अगदी ओठांवर आलं. पण घरी बाळंतीण लेकीच्या बाजेखालची शेगडी सकाळपासून थंड होती.

ती वाकली. एक ढेकूळ कपाळाला लावून तिनं टोपल्यात टाकलं.

"खाली हाडं लागली, तर डोक्यावर पदर घे," ती सुनेला म्हणाली. "मामंजी आहेत तुझे."