रोज वीतभर

"शेठ, तिला सांग, तुझं दूध संपलंय," बेडरूमच्या बंद दारामागून मी बोक्याला मोठ्याने म्हणालो.

"बुंदे, ह्यांना सांग, पिशवी फ्रीजमध्ये आहे," हॉलमधून उत्तर आलं.

बुंदी म्हणजे बायकोने मला न विचारता शेल्टरमधून आणलेली कुत्री. ती घरात आली त्याच दिवशी आमचा अबोला सुरू झाला. शेल्टरच्या ताईंनी बजावलं होतं, आठवडाभर बोक्याला आणि कुत्रीला वेगळं ठेवा. म्हणून बोका आत आणि कुत्री बाहेर. माणसांची वाटणी आपोआप झाली. माझा चहा बायको हॉलमधल्या टेबलावर आपटून जायची.

ताईंचा नियम सोपा होता. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून लांब, दोघांच्या जेवणाच्या ताटल्या मांडायच्या आणि रोज वीतभर दाराकडे सरकवायच्या. एकमेकांच्या वासाची सवय झाली की राग उतरतो. आम्ही दोघांनी तो नियम न बोलता पाळला.

आठव्या दिवशी दार उघडलं. शेठने बुंदीच्या नाकावर एक चापट मारली आणि तिच्याच ताटलीतलं जेवण संपवलं. दुपारी दोघं एकाच गोणपाटावर झोपली. आता आमचे निरोप न्यायलाही कुणी उरलं नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "जमलं का त्यांचं?"

"त्यांचं जमलं," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो, तर माझा चहा आज टेबलावर नव्हता. बेडरूमच्या दारापासून वीतभर अंतरावर, जमिनीवर होता.

मी तिथेच बसून तो प्यायलो आणि रिकामा कप वीतभर स्वयंपाकघराकडे, तिच्या दिशेने सरकवला.