न्हाऊन उठलेली बाई

"कोण बाई बसली असेल हो अशी? घरचे काही म्हणत नसतील तिला?" राजाभाऊंनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं आणि स्वतःच हसले.

स्टुटगार्टच्या त्या छोट्या गॅलरीत सुरेखाताई मुलाशेजारी, मयुरेशशेजारी, उभ्या होत्या. प्रदर्शन सुनेचं, विभावरीचं. राजाभाऊ आणि मराठी मंडळातली इतर माणसं मुद्दाम आली होती. समोर, दगडावर रेखाटून कागदावर छापलेली एक पाठमोरी बाई टबाच्या काठावर वाकून मान पुसत होती. जाड कंबर, ओघळलेले दंड.

मयुरेश ओशाळला. "जर्मन असेल कुणीतरी, काका. इथे चालतं असलं."

सुरेखाताईंचे कान तापले. हिवाळ्यात विभावरीनं त्यांना म्युझियममध्ये नेलं होतं. देगा नावाच्या चित्रकारानं उतारवयात, नजर अधू होत असताना केलेले लिथोग्राफ, अशीच दगडावरून छापलेली चित्रं, तिथे होते. अंग पुसणाऱ्या बायका. कुणासाठी नटलेल्या नाहीत, कुणाला लाजत नाहीत. सुरेखाताईंचा पाय तिथून निघेना. घरी आल्यावर त्या आपणहून विभावरीला म्हणाल्या होत्या, "तुझ्या चित्रासाठी मी बसते. फक्त तोंड दिसू देऊ नकोस, आणि मयुरेशला सांगू नकोस."

विभावरीनं शब्द पाळला होता. आत्ताही ती ओठ मिटून सगळं ऐकून घेत होती. आपल्यापायी पोरीनं बोलणी खायची, हे काही सुरेखाताईंना बघवेना.

"मी बसले होते, राजाभाऊ," त्या म्हणाल्या. "ती पाठ माझी आहे."

मयुरेश दचकून त्यांच्याकडे वळला.

"आई, काहीतरी काय बोलतेस!"

"काहीतरी नाही. याच पाठीवर बसून घोडा घोडा खेळलास. तेव्हा लाज नाही वाटली, मग आताच कुठून आली?"

मयुरेशनं मान खाली घातली. विभावरी येऊन सासूला खेटून उभी राहिली.

"अरुंधती, चल, निघू या," राजाभाऊ बायकोला म्हणाले आणि दाराकडे वळले.

अरुंधतीबाई आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दाराकडे गेल्या नाहीत. चित्राच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा सारखा केला, बराच वेळ बघत राहिल्या. मग विभावरीकडे वळल्या.

"मी बसले तर काढशील?" त्यांनी विचारलं. "पण मला तोंडासकट काढ."