विटकरी दोरा

"हा दोरा लाल आहे?" नणंदेने मखमली पडदा टेबलावर आपटला.

पडदा नाट्यगृहाचा होता आणि उद्याच न्यायला येणार होते. भावजयीने दोरा नेहमीसारखा डोळ्याजवळ धरून पाहिला. "लालच की, वन्सं."

"विटकरी आहे. आंधळ्यालाही कळेल!" नणंदेने कात्री घेतली आणि शिवण उसवायला बसली.

शिवणदुकान दोघींचं होतं. शिवायचं भावजयीने आणि खोड काढायची नणंदेने, अशी रीतसर वाटणीच होती म्हणा ना. म्हणून तर भावजयीने आपलं दुखणं तिला सांगितलं नव्हतं. आठवडाभर धुरकट दिसत होतं, उजवा डोळा फिरवला की ठणकायचा. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत विजेसारखी चमक जायची. मागे एकदा तळपाय बधिर झाला होता, तो आपोआप बरा झाला. हेही होईल. सांगावं, तर वन्सं म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं. आणि मशीन हातचं गेलं तर?

नणंदेची कात्री थांबली. "दोरा पारखताना तू डावा डोळा मिटतेस, नाही का?"

"सवय आहे."

"आज उजवा मीट बरं."

भावजयीने उजवा डोळा मिटला. मखमल एकदम लालभडक झाली. दोरा मात्र विटकरीच होता. तिच्या हातातलं रीळ खाली पडलं.

"कधीपासून?" नणंदेने हळूच विचारलं. भावजयीने सगळं सांगून टाकलं, अगदी तळपायासकट. ऐकता ऐकताच नणंदेने चपला घातल्या.

"अहो, पण पडदा?"

"नाटकवाले थांबतील. डोळा थांबायचा नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला, म्हणजे मेंदू, डोळा आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार. "हा मुळापासून जात नाही," डॉक्टर म्हणाले, "पण औषधांनी आवरता येतो, आणि ती लवकर सुरू झालेली बरी. पाय बधिर होतो, बरा होतो, आणि लोक विसरून जातात. तुम्ही वेळेत आलात."

औषधं सुरू झाली आणि हळूहळू लाल रंग परत आला. भावजय पुन्हा मशीनवर बसली. तिने शिवलेला पहिला कोट नणंदेने पाहिला आणि न बोलता घडी घातली. दुसराही तसाच. भावजयीला करमेना.

"वन्सं, खोड नाही काढलीत?"

"आजारी माणसाला काय बोलायचं!"

भावजयीने कात्री उचलून तिच्या हातात ठेवली. "तुम्ही खोड काढलीत म्हणून डोळा वाचला माझा. हे उपकार मी विसरायची नाही. नीट बघा, बाही वाकडी असेल."

नणंदेने बाही उजेडात धरली. ती सरळच होती. नणंदेने पदराने डोळे पुसले, आणि तरीही बाही उसवायला घेतली.