दुसरा परिच्छेद

"पोटच्या पोरीच्या भवितव्याआड जो बाप येतो, तो माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही!" दिनकररावांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि बॅडमिंटनची नवी कोरी रॅकेट पायानं हळूच टेबलाखाली सरकवली.

विजयाबाईंनी ती पाहिलीच. "मग तिला सॉफ्टबॉल का सोडायला लावताय?"

"एकच सीझन गं. बारावीचा."

"शेवटचा! आणि तोसुद्धा कशासाठी, तर माश्या मारायला."

माश्या मारणं म्हणजे बॅडमिंटन. विजयाबाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या, पण त्याआधी त्या जळगावच्या होत्या आणि राज्याच्या संघातून सॉफ्टबॉल खेळल्या होत्या. त्या संघाचा फोटो कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, देवांपेक्षा वीतभर उंच लावलेला होता. मुक्ता अमेरिकन शाळेच्या टीमची कॅचर होती. सहा वर्षं ती उकिडवी बसून चेंडू झेलत होती आणि घरी येऊन गुडघ्यांवर बर्फ धरत होती. तिची व्हिडिओ कॅसेट ओहायोतल्या एका कॉलेजच्या कोचबाईंना आवडली होती. स्कॉलरशिप मिळायची शक्यता होती.

दिनकररावांची महत्त्वाकांक्षा त्यामानानं लहान होती. रिफायनरीत वीस वर्षं पंप सांभाळलेल्या या माणसाला मराठी मंडळाचा मिश्र दुहेरीचा कप हवा होता. पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच्या बायकोच्या स्मॅशचं जरा जास्त कौतुक केलं होतं आणि दोन घरांत आठवडाभर चूल पेटली नव्हती. तेव्हापासून मंडळाचा नियम होता, जोडी एकाच घरातली हवी. विजयाबाई रॅकेटला हात लावत नव्हत्या. उरली मुक्ता. आणि दोन्ही खेळांची प्रॅक्टिस एकाच वेळी.

"तू काय म्हणतेस?" विजयाबाईंनी लेकीला विचारलं.

"आय डोन्ट माइंड," मुक्ता भाताकडे बघत म्हणाली. "बाबांना हवंय तर..."

"कोचना विचार. त्या चालेल म्हणाल्या तर सोड."

मुक्तानं त्याच दिवशी पत्र लिहिलं. कुवेतमध्ये पोस्टमन दारात येत नाही, पत्रं ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येतात. मुक्तानं बाबांच्या बॉक्सचा नंबर घातला.

"माझा का नाही दिलास?" विजयाबाईंनी विचारलं.

"तुझ्या हॉस्पिटलच्या बॉक्समधली पत्रं हरवतात."

"आजवर एक हरवलेलं नाही!" विजयाबाई म्हणाल्या, पण तोवर पाकीट चिकटवून झालं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दिनकरराव बॉक्समधून आलेलं काहीही फोडत, मग ते बिल असो नाहीतर कुणाच्या मुंजीची पत्रिका. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पत्रात दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं, दुसरा खेळ खेळणारी मुलं आम्हाला आवडतात. दुसऱ्यात लिहिलं होतं, परंतु तू इतक्या लांब आहेस की या सीझनची कॅसेट हाच तुला पारखायचा एकमेव मार्ग आहे. ती नसेल तर जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल.

त्या दिवशी पहिला परिच्छेद घरी आला. दुसरा ड्रॉवरमध्ये, पंपांच्या फायलीखाली राहिला.

"पत्र कुठाय?" विजयाबाईंनी विचारलं.

"ऑफिसात राहिलं."

"जबाबदारी तुमची."

"माझी," दिनकरराव म्हणाले.

विजयाबाई दोन दिवस पत्र मागत राहिल्या. मुक्तानं एकदाही मागितलं नाही. केवढा हा विश्वास! दिनकररावांच्या काळजाला तो बाभळीच्या काट्यासारखा टोचला.

मग मुक्तानं आपला मास्क आणि ग्लव्ह सलोनी नावाच्या ज्युनियरला देऊन टाकला आणि गाडीकडे धावत आली. डोळ्यांतलं पाणी बापाला दिसू नये म्हणून बिचारी धावतेय, असं दिनकररावांना वाटलं. कोर्टवर ती हसायची. आपलं मन राखायला हसतेय, असं वाटलं. गुडघ्यांवरचा बर्फ बंद झाला, तेव्हा फ्रीजमधला रिकामा ट्रेसुद्धा त्यांच्याकडे रोखून बघतोय असं वाटलं.

मार्चमध्ये, शुक्रवारी दुपारी, त्यांनी डॉक्टर राजाभाऊ आणि सुमनवहिनींना सरळ गेममध्ये हरवलं. कप मिळाला. तो हातभर उंच होता आणि खाली भोक असल्यामुळे त्यात पाणीही राहत नव्हतं. विजयाबाईंनी तो आपल्या फोटोखाली ठेवला.

पुढच्याच आठवड्यात कोचबाईंचं दुसरं पत्र आलं. जागा दिली गेली होती.

दिनकररावांनी मुक्ताला शाळेतून घेतलं, गाडी समुद्राकाठी उभी केली आणि दोन्ही पत्रं तिच्या मांडीवर ठेवली.

"बाळा, मी नालायक माणूस आहे." दिनकरराव म्हणाले. "एका कपासाठी तुझं अमेरिकेचं... तू मला माफ करू नकोस. आत्ता घरी जाऊन आईलाही सगळं सांगतो. ती काय म्हणेल ते म्हणू दे."

मुक्तानं दोन्ही पत्रं शांतपणे वाचली. मग पहिल्या पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हे त्यांनी फेब्रुवारीतच लिहिलं होतं?"

"हो."

"गॉड! आणि मी इतके दिवस टेन्शनमध्ये. मला वाटलं, त्या खरंच चालेल म्हणाल्या की काय. म्हणजे ओहायोत जाऊन परत चार वर्षं उकिडवं बसणं."

मुक्तानं पत्रांची नीट घडी घालून ती बाबांच्या खिशात ठेवली आणि सीटचा पट्टा लावला.

"बाबा, आईला सांगताना एवढंच करा ना, प्लीज. मी खूप रडले म्हणून सांगा."